तीन वाजताचा वास

सोनगीरचा किल्ला जिथून बोटभर दिसतो अशा एका गावात कपाशीवर औषध कधी मारायचं, हे गेली पस्तीस-चाळीस वर्षं एका बाईच्या नाकानं ठरवलं. ही बाई कृषी खात्यातली नाही. तिच्या नावावर वीतभर वावर नाही, शाळा चौथीपर्यंत, आणि ती चौथीही मास्तरांनी दया येऊन पास केलेली. भिकुबाई तिचं नाव. आईची चार लेकरं एकामागून एक गेली, म्हणून पाचवीला सुपात घालून पाच घरी भीक मागितली आणि देवाला वाटावं की हे काही मोलाचं नाही, असं नाव ठेवलं. देव फसला. भिकुबाई सत्तावन्न वर्षांची झाली, निंदणीच्या टोळीची मुकादमीण झाली, आणि बारा-बारा एकरांचे धनी तिच्या ओट्यापुढे येऊन उभे राहू लागले.

"आक्कानं नाक व्हयनं का?" असं विचारायची गावात रीतच पडली होती. आक्का म्हणजे भिकुबाई, आणि नाक होणं म्हणजे तिनं वावरात येऊन वास घेणं. पाठीवर पंप चढवायच्या आधी गडी मालकाला हेच विचारी. मालक म्हणे, "दुपारले येवाव शे." मग गडी पंप खाली ठेवून बिडी काढी.

याची सुरुवात झाली ती भिकुबाई नवी नवरी असताना. सासरच्या टोळीबरोबर ती वाल्मीक नानांच्या कपाशीत निंदायला गेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी प्यायला बायका बांधावर टेकल्या. हिनं तोंड वाऱ्याकडे केलं आणि म्हणाली, "कोनीतरी कपाशी खाई ऱ्हायनं." जुन्या बायका पोट धरून हसल्या. खाई ऱ्हायनं म्हणजे? कपाशी काय भरीत आहे? पण ही उठली, वाऱ्याच्या दिशेनं तासात, झाडांच्या दोन ओळींमध्ये, शिरली, आणि बाविसाव्या-तेविसाव्या झाडाचं पान उलटून दाखवलं. पानाखाली अळ्यांची पंगत बसली होती.

वास कसा येतो हे मात्र तिला कधी धड सांगता आलं नाही. पान तोडलं की हिरवा वास येतो, तो कुणालाही येतो. हा तो नव्हे, हे ती ठासून सांगे. हा त्याच्या मागून येतो, ऊन तापल्यावर येतो, झाडाला हात न लावता येतो, आणि त्याला जरा गोडसर धार असते. कुणी जास्त खोदून विचारलं तर म्हणे, "तुम्हले आंधळाले गुलाल कसा सांगू?" गुलाबी बोंडअळी बोंडात दडी मारून बसते, तिचा वास आपल्याला कळत नाही, हेही ती प्रामाणिकपणे सांगे. त्यासाठी लोकांनी वावरात कामगंध सापळे टांगावेत. नर पतंग मादीच्या वासाला भुलून त्यात पडतात. "बठ्ठा नर सारखाच," असं म्हणून ती टोळीतल्या बायकांना हसवायची.

गावानं हा वास घेऊन पाहायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण आपल्याकडे वावराकडे चक्कर मारायची ती पहाटे. तांब्या घेऊन निघायचं, येताना वावर पाहून यायचं, ही बापजाद्यांची शिस्त. त्यामुळे पस्तीस वर्षं सगळे पहाटेच नाकं वर करून कपाशीत उभे राहिले, आणि पस्तीस वर्षं कुणाला काही आलं नाही. दुपारी तीनला, डोक्यावर ऊन घेऊन, काही काम नसताना वावरात जाऊन उभं राहणारा धनी या तालुक्यात अजून जन्माला यायचा होता. वाल्मीक नाना तर त्याहून पुढचे. ते पहाटे जात, वर पान तोडून तळहातावर चुरगळत आणि नाकाशी नेत. मग म्हणत, "माले तं कपाशीनाच वास येस व." भिकुबाई कपाळाला हात लावी.

तिचं म्हणणं दर वेळी 'नको मारू' असंच असे, हाही एक गैरसमज. एका साली तिनं तीन दिवसांत अख्ख्या शिवाराला फवारणी करायला लावली होती, आणि तेव्हा ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या कपाशीच्या नुसत्या काड्या उरल्या. पण बहुतेक वेळा ती म्हणे, "चार दिवस थांबा." चार दिवसांनी अळ्या पानावर आक्रसून बसलेल्या असत, बाजूला पांढऱ्या तांदळाएवढे कोष असत, आणि कुणाला काही करावं लागत नसे. ते कसं होतं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला वासाच्या कमीजास्तीवरून एवढंच कळायचं की हे आटोक्यातलं आहे किंवा नाही.

हायवेवर स्वप्नीलचं कृषी केंद्र आहे. त्याच्या भिंतीवर दर आठ दिवसांनी काय मारायचं याचा रंगीत तक्ता टांगलेला. स्वप्नील तसा गोड पोरगा, उधारीला कधी नाही म्हणायचा नाही, पण भिकुबाई दिसली की त्याला उचकी लागायची. "आक्का, तुना नाकवर जीएसटी लावाले पाहिजे," तो म्हणायचा. "मना धंदा बसाडी दिधा." भिकुबाई त्याच्या दुकानापुढून जाताना पदर नाकाला लावायची, जरा जास्तच दिसेल असा.

मग एकवीस साल आलं. करोना घरोघरी फिरला, तसा तिच्याही घरी येऊन गेला. चार दिवस ताप, आठ दिवस अंगात कणकण, आणि ती उठली. देवाची कृपा म्हणायचं. उठल्यावर डाळीला फोडणी टाकत होती, तर जाऊ सविता पडवीतून ओरडत आली, "लसून जळी गया ना व! वास नही येस का तुले?"

"येस ना," भिकुबाई म्हणाली. "ध्यान नव्हतं मनं."

हे तिचं पहिलं खोटं.

त्या वर्षी वास अर्ध्या गावाचा गेला होता. महिन्या-दीड महिन्यात ज्याचा त्याचा परत आला. भिकुबाईचा आला नाही. तिनं हिंगाच्या डबीत नाक घातलं, रॉकेलची बाटली हुंगली, म्हशीच्या गोठ्यात विनाकारण उभी राहिली. शेवटी एक दिवस ती पदर खाली सोडून स्वप्नीलच्या दुकानात शिरली आणि औषधांच्या फळीपाशी छाती भरून श्वास घेतला. जिथं परका माणूस दोन मिनिटांत डोकं धरतो, तिथं तिला नुसती गार हवा लागली. स्वप्नीलला वाटलं आक्का शेवटी ताळ्यावर आली. त्यानं तिला खुर्ची दिली. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटेल की काय असं झालं.

जेवणाची चव गेली त्याचं तिला फारसं वाटलं नाही. ठेचा तिखट लागत होता, तेवढं पुरे. तिला भीती वेगळीच होती. नाक गेलं हे कळलं की ओट्यापुढची माणसं यायची थांबणार. मग ती पुन्हा इतर चाळीस बायकांसारखी एक निंदणारी बाई होणार, जिला धनी लांबूनच ओरडतात, "ए, तो तास सोडू नको." एवढी वर्षं ती त्याच धन्यांना 'थांबा' म्हणत आली होती आणि ते थांबत होते. हे सोडायची तिची तयारी नव्हती. यात मोठं काही नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं एकदा ज्याचं वावर आहे त्याला थांबवून पाहावं.

पोळ्याच्या आधी नाना आले. "भिकुबाई, नाक व्हयनं का? पानं कुरतडेल दिसतस."

ती गेली. तीन वाजता बांधावर उभी राहिली, नेहमीसारखे डोळे मिटले, मान वर केली. काही नाही. वारा होता, ऊन होतं, बाकी सगळं कोरं. "चार दिवस थांबा," ती म्हणाली. सवयीनं तोंडातून निघून गेलं. नाना निश्चिंत होऊन घरी गेले, भिकुबाई बांधावरच उभी राहिली. आता चार दिवसांत नानांची कपाशी बसली तर?

दुसऱ्या दिवशी ती एकटी वावरात गेली, तीन वाजताच, आणि एकेक पान उलटायला लागली. वास येत नसेल तर डोळ्यांनी मोजू, एवढाच विचार. तास दीड तास वाकून पाठ मोडली तेव्हा ती एका झाडापाशी उकिडवी बसली. तिथं तिला ती माशी दिसली. माशी कसली, मुंगीला पंख फुटावेत एवढीशी, काळी, कमरेला बारीक, डोक्यावर लांब मिशा. बांधाकडून ती खालून खालून आली, वाऱ्याच्या उलट, जरा डावीकडे जरा उजवीकडे करत. दहा झाडं तिनं ढुंकूनही पाहिली नाहीत. अकराव्या झाडावर मात्र ती थांबली, पानावर उतरली, मिशा आपटत चालली आणि पान संपता संपता खालच्या अंगाला वळली. भिकुबाईनं हलक्या हातानं पान कलतं केलं. खाली अळी होती. माशीनं तिच्या पाठीत सुई टोचावी तसं काहीतरी केलं आणि उडून गेली.

"हिले कोन सांगस?" भिकुबाई मोठ्यानं म्हणाली. वावरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

दुसरी माशी आली. तीही तशीच, वाऱ्याच्या उलट, मधली सगळी धड झाडं सोडून. वरून पाहिलं तर अळी दिसत नव्हती. पान उलटल्याशिवाय भिकुबाईलाही दिसत नव्हती. मग हिला कशी दिसली? आणि मग तिला कळलं. हिला दिसत नाहीच. हिला येतो. जो वास पस्तीस वर्षं आपल्याला येत होता, तोच हिला येतो, त्याच वेळेला, त्याच वाऱ्यावर. आपल्याला वाटायचं तो वास आपल्यासाठी आहे. तो कधी आपल्यासाठी नव्हताच. आपण वाटेत उभ्या होतो, एवढंच.

त्या विचारानं तिला जरा वाईट वाटलं आणि बरंच हसू आलं. नानांची कपाशी चार दिवसांत सावरली.

तेव्हापासून भिकुबाईनं माश्या पाहायला सुरुवात केली. कुठल्या अंगानं येतात, किती येतात, कुठल्या तासात थांबतात. माश्या भरपूर असल्या की म्हणायचं थांबा. पानं कुरतडलेली आणि माश्या नाहीत, असं झालं की लिंबोळी अर्क मारा. सोंग मात्र जुनंच चालू होतं. ती बांधावर उभी राही, मान वर करी, नाकपुड्या फुगवी. फरक एवढाच की पूर्वी ती दोन्ही डोळे मिटायची, आता एकच. सवितानं ते ओळखलं. "एक डोया उघडा काब्रं ठेवस आते?" तिनं विचारलं. दोघी जावा चाळीस वर्षं एका चुलीवर, लपून काय राहणार. भिकुबाईनं सगळं सांगितलं. सविता ऐकून म्हणाली, "मंग तं तू खोटी बी शे आनि खरी बी शे." आणि कुणाला बोलली नाही.

असे चार हंगाम गेले. एकदा झडीच्या पावसात माश्या उडेनात आणि भिकुबाईचा अंदाज चुकला, पण पावसात कुणाचा चुकत नाही? लोकांनी मनावर घेतलं नाही. तिनं घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि या श्रावणात ऋतिका आली. धुळ्याच्या कॉलेजात झाडं आणि किडे यांच्यातल्या वासांवर पीएच.डी. करणारी पोरगी, स्कूटीवर, पाठीला बॅग, डोक्याला ओढणी बांधलेली. तिनं कुणाकडून तरी या नाकाबद्दल ऐकलं होतं. ओट्यावर बसून चहा घेता घेता तिनं भिकुबाईला जे सांगितलं, त्यानं भिकुबाईची बशी हातातच राहिली.

"मावशी, अळी पान खाते ना, तेव्हा तिची लाळ पानाच्या जखमेला लागते. कात्रीनं पान कापलं तर लाळ लागत नाही. झाडाला तो फरक कळतो. अळीची लाळ लागली की झाड आतून निराळाच वास तयार करतं. त्याला वेळ लागतो आणि ऊन लागतं, म्हणून तो दुपारी जास्त सुटतो. अळ्यांवर जगणाऱ्या बारीक माश्या असतात, त्या या वासावर येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. त्यांची पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन पांढरे कोष करतात."

"म्हंजे कपाशी हाक मारस," भिकुबाई म्हणाली.

"हाक मारते असं आम्हाला लिहिता येत नाही," ऋतिका हसली, "पण हो, तसंच. आणि माणसाला तो वास इतका नेमका येतो हे मी कुठे वाचलेलं नाही. म्हणून मला तुमची छोटीशी परीक्षा घ्यायचीय. चालेल?"

नाही म्हणायला तोंड उघडावं तर ओट्यापुढे तोवर नाना येऊन उभे. "चालस म्हंजे? पयी!" ते म्हणाले. म्हणजे पळेल. "आमनी भिकुबाई डोया झाकीसन सांगी." झालं. नानांनी होकार दिला म्हणजे गावानं दिला.

आठ दिवसांनी ऋतिका तीन कुंड्या घेऊन आली. तिन्हींत कपाशीची सारखीच रोपं. एकावर दोन दिवस अळ्या सोडलेल्या, एकाची पानं कात्रीनं कापलेली, एक धड. तिन्हींवर पातळ पांढरं कापड, की दिसायला नको. शाळेची एक खोली मिळाली, खिडक्यांना जाळी, दार बंद, म्हणजे बाहेरचा वास मिसळायला नको. पोरीचं काम चोख होतं, आणि तेच भिकुबाईच्या मुळावर आलं. बंद खोलीत माशी कुठून येणार?

खोलीत नाना, सरपंच, टोळीच्या सगळ्या बायका, आणि दुकान बंद करून आलेला स्वप्नील. आक्काचं नाक आपटताना पाहायला तो आला नव्हता असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. तो त्यासाठीच आला होता.

भिकुबाई पहिल्या कुंडीपाशी गेली. वाकली. श्वास घेतला. दुसरी. तिसरी. पुन्हा पहिली. तिच्या मनात हिशेब चालला होता: तिघांतली एक. सांगून टाकावं 'मधली'. लागलं तर लागलं. जत्रेत लोक चक्रीवर पैसे लावतातच की. पण मग पोरगी ते वहीत लिहिणार, तिच्या कॉलेजात मोठी माणसं ते वाचणार, आणि ते सगळं एका ठोकताळ्यावर उभं राहणार. नाना छाती फुगवून उभे होते. तिला नानांकडे पाहवेना.

ती सरळ उभी राहिली. "पोरी, लिखी ले. माले वास येत नही."

"एकीचाही नाही?"

"कसालाच नही. करोनापाईन. चार वरीस व्हयनात."

स्वप्नीलनंच तोंड उघडलं. "मंग चार वरीस तू आम्हले काय सांगी ऱ्हायनी? आम्ही काय येडा शेतस?"

"येडा नही. पन फसाडं मी तुम्हले," ती म्हणाली. मान खाली नव्हती. "वास येत नव्हता, तरी नाक वर करत व्हतू. खोटं. पन सांगं ते मनचं नही सांगं. कुंड्या बाहेर काढा. बांधवर ठेवा, कापड ऱ्हाऊ द्या. माले कसं समजस ते दाखाडस."

ऋतिकानं स्वतःच एक कुंडी उचलली.

शाळेमागे नानांचंच वावर. बांधावर चार-चार हात अंतरानं तिन्ही कुंड्या ठेवल्या. तीन वाजायला आले होते. भिकुबाई सावलीत न बसता उन्हात उकिडवी बसली, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. सरपंचांना फोन आला, ते गेले. बायका कुजबुजायला लागल्या. स्वप्नील मोबाईल पाहत उभा होता, पण गेला नाही.

"ती देख," सविता एकदम म्हणाली.

माशी कपाशीतून वर आली. ती थेट कात्रीवाल्या कुंडीकडे वळली. कुठली कुंडी कुठली हे ऋतिकाखेरीज कुणाला माहीत नव्हतं, पण ऋतिकाचा चेहरा पडलेला सगळ्यांनी पाहिला. स्वप्नीलनं मोबाईल खिशात ठेवला. माशी कापडावर एकदा घिरटी घालून उठली, हेलकावे खात पुढे गेली, धड झाडाची कुंडी ओलांडली आणि तिसऱ्या कुंडीच्या कापडावर उतरली. उतरली ती चालायलाच लागली, मिशा आपटत, कडेनं, आत जायला वाट शोधत. मग दुसरी आली. ती सरळ तिथंच. मग आणखी एक.

"ही," भिकुबाई म्हणाली. "ही खाधेल शे."

ऋतिकानं कापड काढलं. पानांना चाळणी झाली होती आणि खाली दोन अळ्या मजेत बसल्या होत्या. बायकांनी असा गलका केला की माश्या उडाल्या. ऋतिका गुडघ्यांवर बसून वहीत भराभर लिहीत होती आणि मधेच ओढणीनं डोळे पुसत होती. कशासाठी ते तिला विचारायला हवं होतं. स्वप्नील हळूच पुढे येऊन म्हणाला, "आक्का, या माश्या मना औषधवर मरतीस का?" भिकुबाई म्हणाली, "पयले याच मरतीस."

नाना मात्र लांबच उभे होते. फसवलं गेल्याचा राग त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. भिकुबाई त्यांच्याजवळ गेली. काय बोलावं ते न सुचून तिनं नुसतं सांगितलं, "नाना, आते तीन वाजेल शेतस. कुंडीजवळ या. पानले हात लावू नका. वाराकडे तोंड करा."

नाना आले, ते केवळ तिनं सांगितलं की यायची सवय म्हणून. कुंडीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. हात मागे बांधले, नाही तर त्यांनी पान तोडलंच असतं. डोळे मिटले. पासष्ट वर्षांचा माणूस, जन्म कपाशीत गेलेला. बऱ्याच वेळानं त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"येस व!" ते म्हणाले. "भिकुबाई, माले येस!"

"कसा शे?" तिनं विचारलं. तिचा आवाज इतका अधीर होता की बायका वळून पाहायला लागल्या. "सांगा ना नाना, कसा शे?"

नानांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा श्वास घेतला. त्यांना शब्द सापडेना. भिकुबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, उपाशी माणसानं जेवणाऱ्याकडे पाहावं तशी. तिला हेवा वाटत होता आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम होत असल्यानं तिचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत. त्या दिवशी आणखी काय लपवायचं बाकी होतं?

रात्री ती सविताला म्हणाली, "सुटनू एकदाची." पण झोप लागेना. उद्यापासून ओट्यापुढे कुणी येणार नाही, हे ती अंधारात स्वतःला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी टोळीला सुट्टी होती. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. पावणेतीन वाजता ओट्यापुढे चप्पल वाजली. नाना. डोक्यावर टोपी, वर उपरणं बांधलेलं, उन्हात जायच्या तयारीनं.

"चाल," ते म्हणाले.

"नाना, काल बठ्ठा गावसमोर सांगं ना मी," भिकुबाई म्हणाली. "माले वास येत नही."

"वास माले येस," नाना जरा चिडूनच म्हणाले. "आत्तेच देखी उनू. खालना तासमा भलताच येस. पन वास उना, मंग पुढे काय करानं? थांबानं का मारानं? ते माले कोठे समजस? ऊठ, तीन वाजी ऱ्हायनात."

भिकुबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि चप्पल शोधायला लागली.